चिमणीचा निरोप

ताईला खोटं बोलायची सवय नव्हती. त्या सकाळी ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसला फोन करून "तब्येत बरी नाही" म्हणताना तिची जीभ अडखळली. पलीकडच्या माणसाने "काळजी घ्या" म्हटलं, तेव्हा ती चक्क ओशाळली. मग ठरल्याप्रमाणे तिने फोन बंद करून टाकला.

विमान कंपनीने दोन उड्डाणांमधली विश्रांती छाटत छाटत इतक्यावर आणली होती की हवाईसुंदरी मुली उभ्या उभ्या पेंगायच्या. सगळ्यांत धाकटीने अशाच पेंगेत उकळतं पाणी स्वतःच्या हातावर ओतून घेतलं, आणि साहेबांनी काय करावं, तर निष्काळजीपणाबद्दल तिलाच झापलं. तेव्हा ताईचं डोकं फिरलं. विश्रांती पूर्वीसारखी होईपर्यंत एकीनेही विमानात चढायचं नाही, सगळ्यांनी एकाच सकाळी आजारी पडायचं. सगळ्यांत जुनी म्हणून पहिला फोन ताईचा, मागून बाकीच्यांचे. लगेच फोन बंद करायची अक्कलही तिचीच, कारण साहेब लाडीगोडीत पटाईत.

"चिमणीचा फोन तेवढा चालू राहील," तिने मुलींना बजावलं होतं. "तिने सांगितलं म्हणजे मीच सांगितलं."

ताई आणि चिमणी वर्षानुवर्षं विमानाच्या समोरासमोरच्या दारांवर काम करत होत्या. दार लावलं की दुसरीचं दार स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं, हा नियम ताई नव्या मुलींकडून घोकून घ्यायची. चिमणीचं दार मात्र न बघताच "ठीक" म्हणून मोकळी व्हायची. चिमणीचं काय बघायचं, म्हणे. बघायला हवं होतं बाई.

फोन बंद करून ताई घरी स्टुलावर चढून पंखे पुसत होती. "आजारी माणसाने पंखे पुसायचे नसतात," नवरा स्टुलाला हात लावत म्हणाला. ताई हसली. तेवढ्यात घरावरून त्यांच्याच कंपनीचं विमान गेलं. पाठोपाठ दुसरं गेलं. ताई स्टुलावरून उतरली आणि तिने फोन चालू केला. ऑफिसचा निरोप होता, ताबडतोब या.

साहेबांनी बसायला खुर्ची दिली. "आज सगळ्या हजर आहेत. आजारी तुम्ही एकट्याच." चौकशी होईपर्यंत तिने कामावर यायचं नव्हतं. ती उठली तेव्हा ते सहज बोलावं तसं म्हणाले, "ट्रेनिंग सेंटर उद्यापासून तुमच्या मैत्रिणीकडे देतोय. रोज घरी जाता येईल त्यांना."

चिमणी बाहेरच होती, युनिफॉर्ममध्ये, नुकतीच विमानातून उतरलेली.

"काय सांगितलंस मुलींना?" ताईने विचारलं.

"तुझं साहेबांशी बोलणं झालं, विश्रांती मान्य झाली, कामावर या." चिमणी खाली बघत होती. "तुझं नाव घेतल्याशिवाय त्या हलल्या नसत्या, ताई. मलाही घर आहे गं."

ताईला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याहून जास्त रडावंसं वाटलं. आपण हिच्या बाळंतपणात सुट्ट्या सोडल्या, हिच्या चुका अंगावर घेतल्या, आणि हिने विकायला काय काढलं तर आपलंच नाव.

तेवढ्यात धाकटी बॅग ओढत आली. तिच्या हातावर अजून पट्टी होती.

"विश्रांती नाहीच मिळाली, ताई," ती म्हणाली. "उलट आणखी एक फेरी गळ्यात मारली."

"अगं, मी काहीच बोलले नव्हते त्यांच्याशी. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"आम्ही सगळ्यांनी फोन केले तुम्हाला."

"बंद होता. तसं ठरलंच होतं ना?"

"ठरवलं कोणी? तुम्हीच. आम्हाला विमानात चढवलंत आणि स्वतः घरी झोपलात."

ताईने चिमणीकडे पाहिलं. एक शब्द, एवढंच हवं होतं. चिमणी युनिफॉर्मचं बटण चाचपत राहिली.

ताई बॅग उचलायला पुढे झाली, तशी धाकटीने ती आपल्याकडे ओढून घेतली.

"चला चिमणीताई," ती म्हणाली. "तुम्ही तरी आमच्यासोबत चढलात."