रेडिओचं तोंड

"आइक गुलजारभाऊ, आइक! भजन चालू हाय का माशा घोंगावून राह्यल्या?" जनकामायने रेडिओ माझ्या कानालाच लावला.

अमडापूरच्या अगदी शेवटच्या घरात ती एकटी राहायची. सोबतीला एक बकरी आणि लाल फडक्यात गुंडाळलेला हा रेडिओ. दारापुढे इंद्रभानची कपाशी, मध्ये फक्त धुरा, म्हणजे शेताचा बांध. संध्याकाळी अकोला केंद्रावरचं भजन ऐकल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

मी रेडिओ घेऊन जागच्या जागी फिरलो. दाराकडे तोंड केलं की घूंऽऽ. बाजूच्या भिंतीकडे केलं की आवाज साफ. मला कळायचं ते कळलं.

हे मला शिकवलेलं आहे. बारा वर्षं मी पुण्याकडे ग्लायडरच्या मैदानावर वायरमन होतो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पायलटसमोर चार घड्याळं, एक बॅटरी, एक रेडिओ. त्या रेडिओत खरखर आली तर खालच्याचं बोलणं वरच्याला कळत नाही, आणि इंजिन नसलेल्याला उतरायची संधी एकदाच मिळते. आमचे नारायणराव छोटा ट्रान्झिस्टर कॉकपिटच्या वायरींवरून फिरवायचे; जिथे तो जास्त ओरडेल तिथे चोर. म्हणायचे, "गुलजार, खरखर दाबायची नाही, शोधायची. याला इंजिन नाही, दुसऱ्याच्या माथी मारायला जागा नाही. पाप आपल्याच तारेचं." पुढे मैदान सुटलं, मी गावी येऊन दुकान टाकलं, विहिरींवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करू लागलो. नारायणरावांचं बोलणं तेवढं लक्षात राहिलं. लक्षात ठेवून मी काय दिवे लावले, तेच सांगतो.

बाहेर आलो तर इंद्रभान धुऱ्याच्या टोकाला नवा खुंट ठोकत होता.

"कुंपनाले काय लावलं बे?" मी विचारलं.

"झटका मशीन हाय चाचा."

झटका मशीन नुसता हिसका देते, जीव घेत नाही; रेडिओत ती टक टक करते, सेकंदाला एकदा. घूं करते ती थेट विजेच्या लाइनवर आकडा टाकलेली, जीवघेणी तार.

"मशीन दाखव मले."

तो भडकला. "बीटीच्या सहा पिशव्या टोबल्या म्या! अळीचा बंदोबस्त झाला म्हन्ते, अन् रोह्यायचा, थ्या नीलगाईयचा, कोन करील? तुमी करता? दोन दिवसांत अर्धा एकर खाल्लं त्यायनं. सकाळी उठलो का आकडा काढून घेतो ना मी. काऊन बोंबलता?"

मी बोंबललो नाही. गावातल्या निम्म्या मोटारी इंद्रभानच्या शब्दावर माझ्याकडे येत. शिवाय आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाने त्याच्या आळीतल्या माणसाची तक्रार करायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी विषय तारेचा राहत नाही, भलताच होऊन बसतो. ही झाली कारणं. सरळ सांगायचं तर मी घाबरलो.

मग मी जनकामायच्या फळीवर रेडिओचं तोंड भिंतीकडे केलं आणि हलू नये म्हणून खिळे ठोकून सुतळीने आवळून बांधलं. भजन कसं खणखणीत आलं!

"वा रे माह्या वाघा! इमानाचा मिस्तरी हायेस तू!" विमानाला ती इमानच म्हणायची. तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"धुऱ्याकडं जाऊ नोको माय. तार हाय तिथं."

"मले काय काम हाय तिकडं?"

गूळ मी खाल्ला.

पंधरा दिवसांनी इंद्रभान कापसाची गाडी घेऊन चिखलीला गेला. तिथे रांग लागली, मुक्काम पडला. आकडा तसाच राहिला. सकाळी आठला लाइन आली. नऊच्या सुमारास जनकामायची बकरी तारेखालून कपाशीत शिरली, आणि माय तिच्यामागे धावली.

मी पोचलो तेव्हा बकरी कपाशीत उभी राहून ओरडत होती. घरात रेडिओ चालूच होता. बाई कोणीतरी हवामान सांगत होती, एकेक शब्द सुटा. मायला मी एवढंच सांगायला हवं होतं, की माय, हा घोंगावला की तारेत करंट आहे समज, बाहेर पाऊल टाकू नको. एका वाक्याचं काम होतं. ते सोडून मी सुतळी बांधली.

पोलीस यायच्या आत इंद्रभानच्या भावाने आकडा काढला. पंचनाम्यात वाऱ्याने तार तुटून पडली असं लिहीत होते. मी पुढे झालो.

"साहेब, आकडा होता."

"पाह्यला तुमी?" जमादाराने विचारलं.

"ऐकला."

"म्हंजे आता रेडिओची साक्ष घ्याव काय चाचा?" तो हसला. मग बाकीचेही हसले. मायला अजून उचललंसुद्धा नव्हतं.

तेरावं झाल्यावर तिची लेक अन्नपूर्णा शेगावला परत निघाली. जाताना माझ्याकडे आली आणि लाल फडक्यातला रेडिओ माझ्या हातात दिला.

"तुमीच ठेवा मामा. फोनवर रोज सांगे माय, गुलजारभाऊनं असा केला का एक अक्षर चुकत नाही म्हने. आखरीपर्यंत साफ आइकू आलं तिले. लय उपकार झाले."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तिने वाकून पाया पडायला नको होतं.

यंदा पुन्हा कपाशी कमरेला लागली आहे. मी रोज दिवस मावळायच्या आत तो रेडिओ घेऊन गावचे धुरे फिरतो. स्टेशन लावत नाही. टक टक आली तर पुढे जातो. घूं आली तिथे त्या लाल फडक्याची चिंधी फाडून खुंटाला बांधतो. पोरंसोरं मला 'इमानवाला' म्हणून चिडवतात. नसीमा, माझी बायको, म्हणते, दुकान बुडालं, आता अक्कलही चालली.

काल इंद्रभानच्या धुऱ्यावर रेडिओ पुन्हा घोंगावला. तो पळतच आला.

"चाचा, बंद करा ना थे खरखर! लोक पाहून राह्यले."

"खरखर बंद करनं सोडलं म्या, बापू."

त्याने आकडा काढला नाही. मी फडक्याची शेवटची चिंधी खुंटाला बांधली आणि तिथेच खाली बसलो, रेडिओ मांडीवर घेऊन, त्याचं तोंड तारेकडे करून.