पन्नासपैकी पन्नास

"परंदवडीच्या पॅकिंगवालीला पन्नासपैकी पन्नास? सुहासचं बघून लिहिलंस, सरळ कबूल कर!" राजेश्वरी मॅडम वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या.

प्रतीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास स्पॅनिश क्रियापदं, प्रत्येकाचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडायचे आणि आघात, म्हणजे बोलताना जोर, ज्या तुकड्यावर येतो त्यावर खूण करायची, अशी परीक्षा. पहिल्या येणाऱ्याचं नाव मॅडम प्रतीक्षा पॅकिंग करायची त्याच फॅक्टरीत दुभाष्याच्या जागेसाठी पाठवणार होत्या. शेजारी बसलेल्या सुहासला एकोणपन्नास. त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. वडिलांचं लोणावळ्यात हॉटेल आहे ना, मग तो कशाला कुणाचं बघेल!

तीन महिने ती पाळीत खोकी बंद करता करता हेच घोकत होती. एका तुकड्याला खोक्यावर एक बोट वाजवायचं, आघाताच्या तुकड्याला अख्खा तळवा. सोबतच्या बाया तिला खुळी म्हणायच्या.

"न्हाई मॅडम, मी बगितलं न्हाई. नवे शब्द द्या. मला बी आन् त्याला बी."

मॅडमनी फणकाऱ्यानं फळ्यावर दहा क्रियापदं लिहिली. प्रतीक्षानं खडू घेतला. त्रा-बा-खा-री-आ-मोस, खूण 'री'वर. कान-ता-रोन, खूण 'ता'वर. ले-ई-आइस, खूण 'ई'वर. दहाच्या दहा बरोबर. सुहासनं खडू हातात घेतला, तिसऱ्या शब्दावर अडकला आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसला. कुणी कुणाचं बघितलं होतं, हे पोरांना न सांगता कळलं.

"बरं, बस आता. पाठवते तुझं नाव," मॅडम हळूच पुटपुटल्या.

प्रतीक्षा बसली नाही. "मगाशी चोर ठरवताना तुमचा आवाज खाली जिन्यापत्तुर गेलता. आता तेवढ्याच आवाजात सांगा, हिनं चोरलं न्हाई."

"फार बोलायला लागलीस! नाव पाठवायचं की नाही, विचार करावा लागेल मला."

प्रतीक्षाला पॅकिंगमधून सुटायची ही एवढी एकच वाट होती. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो खराही होता.

"करा इचार. नाव न्हाई गेलं तरी चालंल. पर आदी सांगा."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. प्रतीक्षा फळ्यासमोरून हलली नाही.