विमानमहाराजांची जुनी तारीख

बेलापूर गावात पुंजाराम महाराजांच्या मंडपात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. जन्मात कधी विमानात न बसलेली माणसं विमानाच्या भयानं थरथरत होती! मंडपाच्या तोंडाशी भलाथोरला फ्लेक्स. त्यावर महाराजांची फेसबुकवरची भविष्यवाणी: "पोलादी पक्षी अग्नीत पडेल, शेकडो जीव जातील." सोबत गायीचा फोटो आणि लाल वर्तुळात तारीख. परदेशात विमान कोसळलं, त्याच्या तीन महिने आधीची. ती तारीख पाहून चांगली शिकलेली माणसंही लोटांगण घालत होती.

हेलनबाई तोंड वाकडं करून उभ्या होत्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून गावाची ही तऱ्हा, म्हणून त्यांना स्वतःचाही राग येत होता. त्या आल्या होत्या मोनिकासाठी. त्यांची ही विद्यार्थिनी नर्स झाली, जर्मन शिकली, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळवली. शुक्रवारी तिचं विमान होतं. आणि तिचे वडील रंगनाथ तिचा पासपोर्ट छातीशी धरून महाराजांपुढे बसले होते.

"शुक्कीरवारचं इमान मला जळताना दिसतंय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पासपोर्ट हितं ठिव. पोरगी वाचंल."

"दादा, सोमवारी हजर झाले नाही तर ती जागा दुसरीला देतील हो!" मोनिका वडिलांपुढे रडकुंडीला आली.

"तीन महिने आधी सांगितलंय त्यांनी, पोरी. तारीख खोटी कशी म्हनू?"

बाईंनी मोबाईलवर मूळ पोस्ट काढली आणि खालच्या कमेंट मोठ्यानं वाचल्या. "दूध किती? दुसरं वेत का तिसरं? लाथ मारती का? महाराज, भविष्यवाणीखाली हे काय?"

महाराजांची पट्टशिष्या झुंबरबाई फणकारली, "ती गूढ भाषा हाय, बाई! गाय म्हंजी धरती. लाथ म्हंजी भूकंप!"

लोकांनी भक्तिभावानं माना डोलावल्या. बाईंनी कपाळावर हात मारला.

"आणि 'घोडेगावच्या बाजारात आणणार का?' म्हणजे काय? धरती बाजारात नेणार होता?"

बाई रंगनाथांकडे वळल्या.

"फेसबुकवर लिहिलेलं मागाहून बदलता येतं, रंगनाथराव. मजकूर नवा होतो, तारीख जुनीच राहते. पण आधी काय लिहिलं होतं, तेही तिथंच सापडतं. हे तीन ठिपके दाबायचे. एडिट हिस्टरी. घ्या, तुम्हीच वाचा."

रंगनाथ अडखळत वाचू लागले, "जर्सी गाय विकणे आहे. दुसरं वेत. स्वभाव गरीब. पुंजाराम, बेलापूर." भविष्यवाणी लिहिली होती विमान पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणखाण आटोपल्यावर.

"आरं, ही गाय मीच घेतली की!" मागून एकजण ओरडला. "गरीब कशाची? लई लाथाळ हाय!"

मंडप हसला. "कलियुगात देवालाबी बदल करावा लागतो," असं काहीसं महाराज पुटपुटले, पण आता ऐकतंय कोण?

रंगनाथ मात्र हसले नाहीत. "बाई, शुक्कीरवारी इमान पडनार न्हाई, असं तुमी लिहून देता?"

"नाही देत. उद्याचं मला कळत नाही. या महाराजाला तर कालचंसुद्धा बातम्या ऐकून कळलं! रोज जगभर हजारो विमानं सुखरूप उतरतात, त्यांची बातमी होत नाही. एक पडतं, ते महिनाभर टीव्हीवर पडत राहतं. ते का पडलं हे माणसं तुकडा न् तुकडा तपासून शोधतात, आणि सापडलेली चूक बाकीच्या विमानांत सुधारतात. तुम्ही तिला मुंबईला गाडीनं सोडणार ना? खरा धोका त्या रस्त्यावर जास्त आहे. पट्टा लावून बसा."

"तरी भ्या वाटतंच की, बाई."

"वाटू दे. बाप आहात. पण तुमच्या भीतीपायी पोरीनं घरी का बसायचं?"

रंगनाथांनी उठून पासपोर्ट मोनिकाच्या हातात दिला.

"जा," ते म्हणाले. "उतरल्यावर आधी मला फोन कर."