चिंचेने उजळलेला सॅक्सोफोन

मी एक जुना सॅक्सोफोन आहे. देह पितळेचा, छिद्रे झाकायला चामड्याच्या गाद्या, आणि नाव असे की उच्चारताना भल्याभल्यांची बोबडी वळते. मित्रांनो, मी तरुण होतो तेव्हा रॉक अँड रोलची लाट पार रत्नागिरीपर्यंत पोहोचली होती. माझे मालक भिकाजी ऑर्केस्ट्रात मला वाजवू लागले की माणसे खुर्च्या सोडून नाचत. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई माझा सूर ऐकूनच त्यांच्या प्रेमात पडल्या, हे मी मिरवून सांगतो.

पुढे कीबोर्ड आला. त्या एका पेटीतून सगळ्यांचेच आवाज निघू लागले, माझासुद्धा! ऑर्केस्ट्राने आम्हाला नारळ दिला. मालक दुबईला आले, अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर झाले आणि मी त्यांच्या खाटेखाली गेलो. सुट्टीच्या शुक्रवारी मात्र खोलीतले सोबती हाक देत, "यल्ला, चला भिकाजीभाऊ, काढा तो बाजा!"

एका वर्षी वर्कशॉपच्या साहेबांनी, दत्तप्रसादांनी, त्यांना दुबईतल्याच करामा भागातल्या आपल्या घरी गणपतीत वाजवायला बोलावले. मालक हरखले. आरतीच्या वेळी गावी फोन लावायचा आणि इतक्या वर्षांनी कृष्णाबाईंना माझा सूर ऐकवायचा, असे ठरले. आदल्या दिवशीच मला साहेबांच्या घरी पोहोचवले.

तिथे साहेबांच्या पत्नी शोभनावहिनी समई, निरांजन, ताम्हन चिंचेने घासत बसल्या होत्या. माझे काळे डाग पाहून त्यांना माझी दया आली आणि त्यांनी मलाही बादलीत उभे केले! मी ओरडणार कसा? फुंकल्याशिवाय मला बोलता येत नाही. मी लखलखलो खरा, पण खालच्या गाद्या भिजून फुगल्या.

दुसऱ्या दिवशी मालक येताच वहिनी म्हणाल्या, "सरप्राइज, काका! बघा कसा शाइन करतोय!"

आरतीच्या वेळी गावी फोन लागला आणि मालकांनी फुंक मारली. फुस्स! तिकडे कृष्णाबाई फोन कानाला लावून थांबल्या होत्या. वहिनींचे डोळे भरून आले. "सॉरी हो काका, देवाच्या भांड्यांसारखाच घासला मी."

"असू दे वहिनी. वरचे चार सूर शाबूत आहेत," मालक म्हणाले आणि त्या चार सुरांतच त्यांनी आरती बसवली.

साहेबांच्या मोबाइलमधून कृष्णाबाईंचा आवाज आला, "सूर कमी लागले हो आज. पण फुंक तुमचीच!"

मालकांनी तोंड फिरवले.

नंतर मला नव्या गाद्या बसल्या. काळे डागही परत आले आहेत, ते मालकांच्या बोटांच्या घामाचे आहेत. मित्रांनो, आम्हा जुन्यांना जरूर जपा, पण हात लावण्याआधी आमच्या माणसाला विचारा. डाग राहिले तरी चालतील, आवाज तेवढा राहू द्या.