नमुना क्रमांक सात, निवडलेला

नागपूरहून आलेल्या खोक्यांत फायली निघाल्या, दौती निघाल्या. प्रयोगशाळा निघाली नाही.

पांढरा दगड पांढराच वितळेल असं नाही.

भोपाळला टी. टी. नगरच्या नव्या क्वार्टरात भिंतीला टेकलं की पाठीला चुना.

पांढऱ्या दगडातला काळा अभ्रक. मोहरीएवढा. भट्टीतून कपावर तपकिरी डाग होऊन बाहेर येतो.

नरहरच्या बायकोला, कमलिनीला आठवा महिना. पहिल्या खेपेला तो दगडांच्या शोधात कॅम्पवर होता. बाळ गेल्याचं त्याला चार दिवसांनी कळलं.

१९५७, फेब्रुवारी. राज्य नवं झालं म्हणून भूगर्भ खातं भोपाळला हललं, आणि खात्याबरोबर नरहर. छिंदवाड्यापलीकडच्या एका टेकडीवरून त्याने फेल्डस्पार आणला होता. कपबशांना चकाकी येते ती या दगडामुळे. टेकडीवरचा माल कारखान्याला चालेल का, एवढंच त्याला सांगायचं होतं. ऑफिसात जागा नव्हती. त्याने घरच्या ओसरीतच दगड हरभऱ्याएवढा फोडला, परातीत ठेवला. दोन दिवसांनी त्यातला मूठभर कुटून, टिकली थापून एका चिनीमातीवाल्याच्या भट्टीत भाजून आणली.

"कमल, बघ! दुधासारखी!"

"होणारच. दोन दुपारी बसून निवडलंय मी."

"काय निवडलंस?"

"काळा कचरा. अहो, किती होता! तांदूळसुद्धा तुम्ही असेच आणता."

नरहरने टिकली खाली ठेवली.

"अगं, तो कचरा नव्हता, अभ्रक होता. टेकडी जशी आहे तशीच भट्टीत जायला हवी होती."

"मग आता?"

"हा नमुना खोटा. खरा आणायचा तर परत कॅम्प. तीन आठवडे."

कमलिनीने बोटांवर आठवडे मोजले.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कारखाना उभा राहील आणि कपांवर डाग पडतील."

"कळवा मग साहेबांना. माझं होईल नीट."

त्याने कागद घेतला, तारीख घातली. पुढचं वाक्य सुचेना.

"अहो," ती आतून म्हणाली, "काढलेलं लागणार नाही ना आता? पुडी उगाच जागा अडवतेय."

"पुडी?"

"सरकारी सामान. टाकते कशी?"

वाण्याचा तराजू आला. निवडलेलं, टिकलीत गेलेलं धरून, पावणेनऊ पौंड. काढलेलं पाऊण पौंड. त्याच प्रमाणात त्याने काळं परत मिसळलं आणि दुसरी टिकली भाजून आणली. तिच्यावर तपकिरी डागच डाग.

*नमुना ७ अ. जसा आहे तसा: कपबशांना अयोग्य.*
*नमुना ७ ब. हाताने निवडून: योग्य.*

काशिनाथराव, त्याचे साहेब, दोन्ही टिकल्या उजेडात धरून बघत राहिले.

"निवडलं कोणी?"

"घरच्यांकडून झालं, साहेब. चुकून."

"चुकून? खाणीवर बायका लावून हेच करावं लागेल. किती वेळ लागला त्यांना?"

"दोन दुपारी."

"तेही लिहा. आणि परत दौऱ्याचा अर्ज कशाला आणलात? अ आहे, ब आहे, वजनं आहेत. घरी जा."

घरी पोचल्यावर नरहरने अर्ज फाडला. कमलिनी परातीत तांदूळ घेऊन बसली होती. तो शेजारी बसला आणि तिच्याबरोबर खडे वेचू लागला. त्याला एकही दिसेना.

"दगडांतले साहेब ना तुम्ही?" ती म्हणाली.

अहवाल पुढच्या वर्षी जूनमध्ये छापून आला.

त्यांच्या मुलीचा, रत्नप्रभेचा जन्म त्याआधी, सत्तावन्नच्या एप्रिलमध्ये झाला, आणि तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते नरहरने.