पाण्याखालचे शेजारी

पहाट आधी उतरली ती झाडांवर. पाण्यात उभ्या असलेल्या, मेलेल्या, रुपेरी झाडांवर.

पर्णहीन झाडं. त्वचाहीन झाडं. विझलेल्या समयांसारखी करडी, एकाकी, उत्तुंग झाडं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी झांबेझी नदीला बांध घातला, दरीत पाणी चढत गेलं, आणि अख्खं अरण्य उभ्या उभ्या बुडालं. बुडालं, पण पडलं नाही. करिबाच्या त्या काचनिळ्या, अपार तलावात ते अजून उभं होतं. कुठे कमरेइतकं, कुठे गळ्याइतकं, कुठे नुसत्या बोटांइतकं. त्या बोटांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, कुणीतरी वाळत घातलेल्या काळ्या छत्र्यांसारखे.

किती सुंदर होतं ते, आणि किती भयाण. शाल्मली पंधरा वर्षांची होती. आणि पंधराव्या वर्षी सुंदर आणि भयाण या सख्ख्या बहिणीच वाटतात.

तिच्या हातात अभयारण्याच्या लॉजवर मिळालेलं कार्ड होतं: इथे आल्यावर काय काय करावं. पहाटेची पायी भटकंती. हत्तींचं स्नान. पाणघोड्यांचा डोह. मत्स्यगरुडाची साद. तीन दिवसांत तिने एकेका ओळीवर अशी दणदणीत खूण केली होती की पेनाचं टोक कागदापार गेलं होतं.

आणि प्रत्येक ओळीत आजोबा, तिचे आबा, तिच्यासोबत होते. दवभिजल्या गवतातून ते तिच्याआधी चालले होते, त्र्याहत्तर वर्षांच्या, डोंगरात घडलेल्या पायांनी. हत्तिणीने पिलाला चिखलातून सोंडेने वर ढकललं तेव्हा ते हळूच म्हणाले होते, "आई ती आईच." मत्स्यगरुडाने मान मागे टाकून आभाळ चिरत जाणारी ती आर्त, शुभ्र हाक घातली, तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

राहिली होती एकच ओळ. सूर्यास्ताची नौका.

आणि आबा होडीत बसत नव्हते. होडीचं सोडा, ते तलावाकडे तोंड करून बसतसुद्धा नव्हते. सगळ्या खुर्च्या पाण्याकडे. आबांची एकटी भिंतीकडे.

"आबा, विमानात बसून अख्खा समुद्र ओलांडलात," वसंतकाका म्हणाले. ते हरारेत नोकरीला होते, आणि वडिलांना नि पुतणीला त्यांनीच हौसेने बोलावून घेतलं होतं. "आता या होडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"समुद्राच्या तळाशी माझं कोण न्हाई," आबा म्हणाले, आणि भिंतीकडे बघत चहा पीत राहिले.

कोयनेच्या धरणात आबांचं गाव गेलं, हे शाल्मलीला ठाऊक होतं; जसं पुस्तकातलं वाक्य ठाऊक असतं तसं, कोरडं, एका ओळीचं. शिरणवाडी नावाचं गाव होतं. ते आता नाही. पुढचा धडा.

तिसऱ्या दुपारी बबून माकडं आली.

मुदेंडाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुदेंडा म्हणजे त्यांचा वाटाड्या, आणि होडी चालवणाराही तोच. पन्नाशीचा, संथ, काळ्या शिसवी लाकडासारखा तकतकीत माणूस. "दार ओढून घ्या, वरची कडी लावा. माकडांना दार ढकलता येतं, कडी काढता येत नाही." पण जेवून परत आले तर आबांच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि आत नुसतं रणकंदन. शेंगदाण्याच्या लाडवांचा चुरा उशीवर, मेतकूट आरशावर. आणि छपराच्या टोकावर एक धिप्पाड बबून, डोक्यावर आबांची पांढरी टोपी, मुद्रा अशी की आता भाषणच सुरू करील.

काका हसता हसता खाली बसले. "आमच्या घराची रीतच आहे ही. आबा कशालाच कडी लावू देत नाहीत. संडासालासुद्धा नाही. आम्ही भावंडं आत बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणायचो."

मुदेंडाही हसला. मग त्याने इंग्रजीत विचारलं, म्हातारबाबा दाराला कडी का लावत नाहीत? आणि शाल्मलीने हसतच तो प्रश्न मराठीत आबांपुढे ठेवला.

आबा हसले नाहीत.

ते पायरीवर बसले. हातावरचं मेतकूट झाडत राहिले, झाडून संपलं तरी झाडत राहिले. आणि चौसष्ट वर्षं ज्या शब्दांवर पाणी उभं होतं, ते शब्द एकेक करून वर आले.

तानू नावाची बहीण होती. रांगायला लागली आणि तापाने गेली. आई म्हणायची, तानू कुठं जात न्हाई, घरातच रांगतीय. संध्याकाळी चुलीपाशी आई पाय जपून टाकायची, पोर पायात येईल म्हणून. मग धरण आलं. गाव उठलं. शेवटच्या दिवशी सामान डोक्यावर घेताना आई म्हणाली, दार सताड उघडं ठेवा, तानूला आपल्यामागं येऊ द्या.

"सगळ्यात शेवटी म्या भाईर पडलो," आबा म्हणाले. "नऊ वर्साचा. रोज आई वरडायची, कडी लाव, कुत्रं शिरतंय. त्या दिशी हात सवयीनं वर गेला. खिंड वलांडल्यावर ध्यानात आलं. माघारी फिरायचं तर पाणी वाटंवर आल्यालं."

नव्या घरात, नव्या रुक्ष माळावर, आई रोज दिवेलागणीला उंबऱ्यात बसायची. कोण येणार हे कुणी विचारत नव्हतं. सत्तावीस वर्षं बसली. एकदाच म्हणाली, मीच नीट हाक मारली नसंल तिला.

"आन् तवाबी म्या गप," आबा म्हणाले. "गप बसलो, पोरी."

काकांचं हसू कुठेतरी विरून गेलं होतं. छपरावरच्या बबूनने टोपी काढली, हुंगली, टाकून दिली.

शाल्मलीने ते सारं मुदेंडाला सांगितलं. शाळेत वक्तृत्वाची ढाल जिंकून आणणारी तिची वाणी. पण त्या दुपारी वाक्यं तिच्या ओठांवर अडखळत, धडपडत, अनवाणी आली. आणि सांगता सांगता, कोरड्या ओळीचं ते गाव तिच्या आत भिजत गेलं, भिजत गेलं.

मुदेंडा ऐकत होता, जमिनीकडे पाहत. मग म्हणाला, "माझ्या आजोबांचं गाव त्या तीन झाडांच्या पलीकडे आहे. खाली. माझे वडील तिथे इंजिन बंद करायचे आणि खालच्यांना खबरबात द्यायचे. आता मी देतो, जाता येता. नाहीतर त्यांना कोण सांगणार?"

आबांनी ते मराठीत ऐकलं.  मग म्हणाले, "त्याला म्हणावं, ह्ये पानी वेगळं. माझी तानू तिकडं, कोयनेत."

"पाण्याखाली सगळी गावं शेजारीच," मुदेंडा म्हणाला. "आमची माणसं निरोप पोचवतील."

आणि त्या सायंकाळी आबा होडीत बसले. एक हात काकांच्या खांद्यावर, एक शाल्मलीच्या; पाय असा टाकला, जणू तळाशी काही पायात येईल.

केशरी पाणी. मग कुंकवासारखं पाणी. मग जखमेच्या कडेसारखं जांभळं. मृत अरण्यातून होडी चालली, आणि बुडालेल्या फांद्या तिच्या पोटाखालून नखं ओढल्यासारख्या करकरत गेल्या. तीन झाडांपलीकडे मुदेंडाने इंजिन बंद केलं. शांतता अशी उतरली, की पाणकावळ्यांची मान वळण्याचासुद्धा आवाज यावा.

मुदेंडा वाकून पाण्याशी बोलला, त्याच्या भाषेत, घरगुती सुरात. मग शाल्मलीला अर्थ सांगितला: बहिणीला मुलगी झाली. पाऊस उशिरा आला. थोरला चुलता गेला, तुमच्याकडे पोचला असेल, त्याला ऐकू कमी येतं, मोठ्याने बोला.

मग त्याने आबांकडे पाहिलं.

आबांनी होडीची कड धरली. "आमच्याकडं पाऊस बरा हाय," ते म्हणाले, आणि थांबले. "आई अठ्ठ्याऐंशी साली गेली. वाट बघत गेली. हा वसंता, माझा धाकटा. ही शाल्मली, माझी नात. लई बोलती."

 शाल्मलीला वाटलं, आपण श्वास घेतला तर काहीतरी तुटेल.

"तानू," आबा म्हणाले. आवाज नऊ वर्षांचा झाला होता. "कडी म्या लावली. आईनं न्हाई. आईनं तुला हाक मारली व्हती, नीट मारली व्हती."

पाणी ऐकत राहिलं. झाडं ऐकत राहिली.

आणि खोलातून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग मोत्यांची एक बारीक सर, होडीच्या कडेने, हळूहळू, थांबत थांबत, अडखळत पुढे सरकणारी.

"पाणघोडा असेल," काका पुटपुटले.

मुदेंडाने मान हलवली. इथे फार खोल आहे, तो म्हणाला. पाणघोडे उथळात राहतात.

मगरींच्या त्या पाण्यात कुणी हात घालायचा नाही, हा मुदेंडाचा नियम होता. आबांनी हात घातला, मनगटापर्यंत, तळवा वर करून. आणि मुदेंडाने त्यांना अडवलं नाही. रंग गेले. झाडं गेली. काठ गेला. उरला तो एक म्हातारा हात, आणि त्याच्याभोवती मिटत जाणारं पाणी, काळं पाणी, गप्प पाणी.