पोस्टकार्डांचा कंदील

कंपनीतल्या प्रेसमशीनमध्ये प्रेमाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरेपर्यंत दिवाळी तोंडावर आली. मुलुंडच्या चाळीत तिच्या दारातला कंदील दरवर्षी तिच्याच हातचा असायचा.

"यंदा विकतचा आणू," नवरा, लवू, म्हणाला.

"नको. मीच करणार."

पण पतंगाचा पातळ कागद डाव्या हाताला दाद देईना. धरला की चुरगळायचा, ओढला की फाटायचा. जाड काहीतरी हवं होतं. तिची नजर भिंतीवरच्या तारेकडे गेली. सासरे काशीराम गावाहून येणारी भावाची, गुणाजीची, पोस्टकार्डं त्या तारेत ओवून ठेवायचे. बरीच वर्षं साठलेली, पिवळी पडलेली.

"मामा, ही कापू कंदिलाला?"

काशीराम तारेकडे बघत म्हणाले, "गुणाजीचा अक्षर आसा गो त्येच्यार."

"अक्षर बाहेरून दिसेल असंच लावीन."

त्यांनी वरच्या कार्डावरची धूळ अंगठ्याने पुसली. "काप. हय तारेर कुजतत नुसती."

कात्री डाव्या हातात चालेना. कार्ड कापलं जायच्या ऐवजी पात्यांत दुमडून बसायचं. पहिली पाच-सहा वाया गेली. लवूने हात पुढे केला. "आण इकडे, मी देतो कापून."

"नको. राहू द्या."

"अगं, पण हट्ट कशाला?"

"तुम्ही आज कापून द्याल. उद्या भाजी चिरून द्याल. मग मी काय करू, बसून राहू?"

लवूने हात मागे घेतला. प्रेमाने कात्री बाजूला सारली. कार्डावर फूटपट्टी ठेवली, ती उजव्या तळव्याने दाबून धरली आणि डाव्या हाताने ब्लेड ओढलं. कड वाकडी आली, पण कार्ड कापलं गेलं. दुसरी कड सरळ आली.

कापलेले तुकडे दाभणाने टोचून ती लोकरीने शिवू लागली. सुई उजव्या अंगठ्यात आणि अनामिकेत धरायची. सुई निसटायची, ती शोधायची, पुन्हा धरायची. दिवाळीचा पहिला दिवस उजाडला तेव्हा अर्धाच कंदील झाला होता. लवू न राहवून बाजारातून एक झकास लाल कंदील घेऊन आला.

"लावू नका तो," प्रेमा म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल."

सगळ्या चाळीत उजेड आणि त्यांचंच दार अंधारात. शेजारणी विचारून गेल्या. प्रेमा शिवत राहिली.

पाडव्याच्या संध्याकाळी लवूने आत बल्ब सोडून कंदील टांगला. बटण दाबलं, तर उजेडच दिसेना. कार्डं फार जाड. लवूचा चेहरा उतरला.

"उतरवा," प्रेमा म्हणाली.

तिने दाभण घेतलं आणि ओळींच्या मधल्या रिकाम्या जागी भोकं पाडायला बसली. जेवणं खोळंबली. कोणी कुरकुर केली नाही.

पुन्हा टांगला तेव्हा दारावर, भिंतीवर, काशीरामांच्या सदऱ्यावर उजेडाचे ठिपके सांडले. ते मान वर करून फिरत्या कंदिलावरचं वाचू लागले. "सर्व मंडळी खुशाल... आंब्याक मोहोर बरो इलो..." ते मोठ्यांदा हसले.

वाऱ्याने कंदील गरगरत होता. इतके दिवस चारचौघांत पदराआड असलेला उजवा हात प्रेमाने वर केला आणि कंदील थांबवला.

"वाचा मामा, सावकाश," ती म्हणाली.